कुरकुरीत माशाची प्रमाणभाषा

मराठीत खाण्यापिण्याविषयी जे लिहिले जाते, त्यात 'मासा' हा शब्द आला की समुद्र गृहीत धरलेला असतो. पापलेट, सुरमई, हलवा, बोंबील, बांगडा ही नावे एका दमात येतात; त्यांच्या मागोमाग कोकम, ओले खोबरे, रवा आणि लेखकाचे आजोळ. या लेखनाबद्दल आमची तक्रार नाही. त्यातले बरेचसे आम्ही आवडीने वाचतो, क्वचित वर्गात वाचूनही दाखवतो. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या मराठी माणसाचे आजोळ गोदावरीच्या किंवा दुधनेच्या काठी आहे आणि जो आज पुंडलिकनगरातल्या दोन खोल्यांत कढई चढवून मासा तळू पाहतो, त्याने कोणती पाककृती वाचावी?

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एकाचे गाव पैठण तालुक्यात, दुसरीचे परभणी जिल्ह्यात. दोघांचीही बिऱ्हाडे गजानन महाराज मंदिराच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. पुंडलिकनगर म्हणजे गारखेडा परिसरातली दाट वस्ती. खाली घरमालक, वर भाडेकरू, गच्चीवर स्पर्धा परीक्षेची मुले आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळीने जाणारे कामगार. इथून मुंबईचा समुद्र तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे आणि पैठणचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर. तरीही 'घरी कुरकुरीत मासा कसा तळावा' असे कोणी विचारले, तर मिळणारे उत्तर ठरलेले असते : सुरमईच्या तुकड्या घ्या, आले-लसूण, हळद, तिखट, कोकमाचे आगळ लावा, रव्यात घोळवा, तव्यावर तळा. उत्तर चुकीचे नाही. ते फक्त दुसऱ्याच माशाविषयीचे आहे.

प्रमाणभाषा आणि बोली यांचा संबंध शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की, प्रमाणभाषा ही बोलींपेक्षा शुद्ध असते म्हणून प्रमाण होत नाही. ती छापली जाते, शिकवली जाते, तिच्यामागे नगर आणि सत्ता उभी असते, म्हणून ती प्रमाण होते. माशांच्या बाबतीत हेच झाले आहे. रवा लावलेली सुरमई ही महाराष्ट्राच्या मत्स्याहाराची प्रमाणभाषा आहे. २०२३च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने पापलेटला, म्हणजे चंदेरी पापलेटला, 'राज्य मासा' म्हणून घोषित केले. त्या माशाची घटती संख्या पाहता संरक्षणासाठी ते योग्यच होते. पण शेजारच्या तेलंगणाने, ज्याच्याबरोबर आमचा मराठवाडा १९५६पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होता, आपला राज्य मासा म्हणून मरळ निवडला आहे. तळ्यात, ओढ्यात, चिखलात तग धरणारा गोड्या पाण्यातला मासा. भाषावार प्रांतरचनेने आम्हाला भाषा मिळाली हे खरे, आणि त्याचा आनंद आहेच. पण तिच्याबरोबर मासाही बदलून मिळाला, ही गोष्ट आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत नोंदवलेली नाही.

मराठीच्या विद्यार्थ्याला 'मानसोल्लास' हा ग्रंथ ठाऊक असतो तो ओवीमुळे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे, आणि आपले वाङ्मयेतिहास तो आवर्जून देतात. ज्या ग्रंथात ही ओवी आहे त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरणही आहे. त्यात माशांचे प्रकार आहेत, त्यांचे खाद्य आहे, गळ टाकण्याची रीत आहे. आणि 'अन्नभोगा'त मासा रांधण्याचाही विचार आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. मराठवाड्याच्या अगदी शेजारचे. ओवी आम्ही उचलली आणि मासा तिथेच सोडला. नंतरच्या संतकवितेतला मासा पाण्यावाचून तळमळतो, गळाला लागतो, जिवाशिवाच्या वियोगाचे रूपक होतो. कढईत तो येत नाही, आणि येऊही नये, त्या कवितेचा तो विषयच नव्हे. पण पुढे जेव्हा पाककृती छापण्याचा काळ आला तेव्हा लिहिणारे हात समुद्राजवळचे होते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१०चे, मुंबईच्या पाठारे प्रभू घरातले. त्यात समुद्र येणार हे स्वाभाविकच. मराठवाड्याच्या, आणि त्यातही दलित घरांच्या, चुलीवर काय शिजत होते ते छापील मराठीत सविस्तर यायला शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाची, म्हणजे २०१५ सालाची वाट पाहावी लागली. मधली शंभर वर्षे आमच्या भागातले लोक खात होते, पण लिहिलेले खात नव्हते.

प्रमाण पाककृतीसुद्धा शुद्ध कुळातली नसते, हेही इथेच सांगायला हवे. ज्याला आपण 'कोळीवाडा' म्हणतो, ते बेसन, ओवा आणि तिखटाच्या लालसर आवरणातले कोळंबीचे तळण कोळ्यांचे म्हणून खाल्ले जाते. पण ते रुजले शीव कोळीवाड्यात फाळणीनंतर वसवलेल्या पंजाबी निर्वासितांच्या खाणावळींतून. नाव कोळीवाड्याचे, हात पंजाब्यांचे. जपानचा म्हणून जगभर ओळखला जाणारा 'तेंपुरा' सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या संपर्कातून तिथे गेला असे मानले जाते. आणि आपण माशाला जे लाल तिखट चोळतो त्या मिरचीचे भारतात येणेही पोर्तुगिजांच्याच जहाजांतून. तेव्हा अस्सलतेचा आग्रह आम्हालाही धरता येत नाही. आमच्या नाथसागरातले रोहू, कटला आणि मृगळ हे मासेसुद्धा मुळात गंगेच्या खोऱ्यातले. त्यांचे बीज सोडले जाते म्हणून ते इथे आहेत. १९६५मध्ये पायाभरणी झालेले आणि १९७६मध्ये उद्घाटन झालेले जायकवाडी धरण झाले नसते, तर आमच्या बाजारात एवढा रोहू दिसला नसता. मरळ, वाम, शिंगटा, झिंगे हे जुने रहिवासी. चिलापी तर आफ्रिकेतून आलेला. वसाहतीसारखीच ही पाण्यातली वस्तीही सरमिसळ आहे, आणि आमचे म्हणणे एवढेच की, जो मासा आपल्या पाण्यात राहतो त्याच्याशी आपल्याला बोलता आले पाहिजे.

आता प्रत्यक्ष कढईकडे.

तळलेला पदार्थ कुरकुरीत का होतो, हे आमच्या विज्ञान शाखेतल्या सहकाऱ्यांनी सांगितले आणि आम्ही ते घरी पडताळून पाहिले. गरम तेलात आवरणातले पाणी वाफ होऊन वेगाने बाहेर पडते. त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात, पिठातला स्टार्च वाळून ताठ होतो, आणि दातांखाली त्या पोकळ्या मोडल्याचा जो आवाज होतो त्याला आपण 'कुरकुरीत' म्हणतो. तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर हे नीट घडते. कमी असेल तर वाफेचा जोर नसतो, पीठ तेल पिते; फार जास्त असेल तर बाहेरून करपते आणि आत मासा कच्चा राहतो. मासा शिजायला मुळात फार उष्णता लागत नाही. त्याची प्रथिने साठेक अंशांतच घट्ट होऊ लागतात. म्हणजे आवरणाचे खरे काम दुहेरी आहे : स्वतः उष्णता सोसायची आणि आतल्याला सौम्यपणे वाफवू द्यायचे. (रूप आणि आशय यांच्या संबंधावर दरवर्षी तासभर बोलणाऱ्या माणसांना हे वाचून काय वाटले असेल, ते वाचकांनी समजून घ्यावे.)

रव्याचे कण जाडसर असतात. ते एकमेकांत फट ठेवून बसतात आणि वाफेला वाट देतात. सुरमईची सपाट, घट्ट मांसाची तुकडी, तवा आणि थोडे तेल असा संसार असेल तर रव्याला तोड नाही. रोहूचे तसे नाही. त्याची तुकडी बहुधा जाडजूड कापलेली मिळते, पाठीच्या मांसात दुभागलेले बारीक काटे असतात, आणि तव्यावर ती आतपर्यंत शिजेतो बाहेरचा रवा करपतो. रोहू खाण्याचा कंटाळा करणारे लोक बहुतेक वेळा या काट्यांना घाबरतात. त्यावर उपाय जुना आणि साधा आहे. तुकडीच्या मांसल भागावर, कातडी न तोडता, तीन-चार मिलिमीटरच्या अंतराने समांतर चिरे द्यायचे आणि भरपूर तेलात तळायचे. चिऱ्यांतून उष्ण तेल आत शिरते, तुकडे झालेले बारीक काटे कुरकुरीत होऊन मांसाबरोबर चावले जातात. पण चिऱ्यांत रवा बसत नाही. तिथे बारीक पीठच लागते.

आणि बारीक पीठ कोणते, याचे उत्तर आमच्या डब्यात आहे : ज्वारीचे. तांदळाच्या पिठाप्रमाणेच ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते, त्यामुळे ते चिवट होत नाही. तीन वाट्या ज्वारीचे पीठ असेल तर एक वाटी बेसन. बेसनाच्या प्रथिनांमुळे रंग खरपूस येतो आणि पीठ माशाला धरून राहते. कोरडे घोळवायचे असेल तर एवढे पुरे. मरळीसारखा घट्ट, कमी काट्यांचा मासा असेल किंवा मूठभर झिंगे असतील, तर पीठ भिजवून त्यात बुडवून तळावे, आणि भज्यांच्या पिठात घालतो तसे चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन घालावे. परदेशी पाककृतींचे उतारे करणारे लोक 'पीठ बर्फाच्या पाण्यात भिजवा, फार ढवळू नका' असे बजावतात. ती सूचना मैद्यासाठी आहे. ढवळल्याने आणि उबेने मैद्यातले ग्लुटेन चिवट होते म्हणून. ज्यात ग्लुटेनच नाही त्या बेसनाला आणि ज्वारीला ही भीती घालण्यात अर्थ नाही. भाषांतरित समीक्षेतल्या संज्ञा मराठी कवितेला तशाच लावणाऱ्यांची आठवण आम्हाला इथे होते. पण तो विषय पुन्हा केव्हातरी.

गोड्या पाण्यातल्या माशांवरचा दुसरा आक्षेप वासाचा. 'त्याला चिखलाचा वास येतो' असे समुद्राकाठची माणसे नाक मुरडून म्हणतात. खरे आहे, येतो. तो वास मुख्यतः जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. पाण्यातले आणि मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि ते माशाच्या कातडीखाली साठते. गंमत अशी की, पहिल्या पावसानंतर मातीचा जो सुगंध येतो त्याच्याही मुळाशी हेच द्रव्य आहे. विंदा करंदीकरांनी आपल्या १९५४च्या कवितासंग्रहाला जे नाव दिले, तो मृद्गंध. कवितेत ज्याला आम्ही भरून श्वास घेतो, त्यालाच ताटात चिखल म्हणतो. असो. जिओस्मिन आम्लाने बऱ्याच अंशी निवळते, म्हणून माशाला मीठ-हळदीबरोबर चिंचेचा घट्ट कोळ लावून वीस मिनिटे ठेवावे. कोकम मागवण्याची गरज नाही. चिंच मराठवाड्यात रस्त्याच्या कडेला मिळते. मात्र तळण्यापूर्वी सुटलेले पाणी निथळून तुकड्या कोरड्या पुसायच्या, हे विसरू नये. ओल्या माशावर पीठ बसते खरे, पण तेलात ते सोलून निघते. बोंबिलासारख्या जवळजवळ पाण्याच्याच माशाला कोकणातल्या बायका वजनाखाली दाबून त्याचे पाणी काढतात, ते याच कारणासाठी. तेवढे शहाणपण किनाऱ्याकडून खुशाल घ्यावे.

समुद्री माशाचा जो उग्र वास शिळेपणाबरोबर वाढतो तो वेगळा. ट्रायमिथाइल अमाइन हे त्याचे मूळ, आणि ते ज्यापासून बनते ते द्रव्य खाऱ्या पाण्यातल्या माशांत भरपूर आणि गोड्या पाण्यातल्या माशांत फारच थोडे असते. बर्फावरून तीनशे किलोमीटर आलेली सुरमई आणि टपात वळवळणारा मरळ यांच्यातली निवड नाकानेसुद्धा करता येते.

नाकाचा विषय निघालाच आहे, तर जी गोष्ट टाळून हा लेख लिहिता येत नाही ती सांगितली पाहिजे. आमच्या गल्ल्यांत 'खोली भाड्याने देणे आहे' या पाटीखाली 'फक्त शाकाहारी' असे लिहिलेले असते. कधी लिहिलेले नसते. तोंडी विचारले जाते, आणि आडनाव विचारून झाल्यावर विचारले जाते. आमचे विद्यार्थी या प्रश्नाला उत्तर देऊन खोल्या मिळवतात. त्यांतले काही भोई घरांतले आहेत, ज्यांच्या वडिलांनी नाथसागरात जाळे टाकून त्यांना इथवर पाठवले. त्यांनी खोलीत मासा शिजवू नये अशी अट असते. बाहेर खाल्ला तर चालतो. म्हणजे आक्षेप माशाला नाही. तो आपल्या छपराखाली, आपल्या जिन्यात, आपल्या नाकापर्यंत येण्याला आहे. तळण हा या दृष्टीने सर्वांत उघडा पदार्थ. रस्सा झाकून शिजवता येतो. तळणाचा आवाज आणि वास झाकता येत नाही. एक विद्यार्थिनी आम्हाला म्हणाली होती, "सर, आम्ही हॉटेलात फिश फ्राय खातो, आणि घरी गेलो की आईच्या हातचं खातो. इथल्या खोलीत आम्ही कोणीच नसतो." विभावना, व्यतिरेक असले अलंकार शिकवून परतल्यावर हे वाक्य आमच्या डोक्यात बराच काळ राहिले.

म्हणून 'घरी' हा शब्द आम्हाला या विषयात महत्त्वाचा वाटतो. घरी तळणे म्हणजे उपाहारगृहाची नक्कल स्वस्तात करणे नव्हे. ज्या घरात तळण होते ते घर आपले आहे, अशी ती घोषणा असते. तळणाला तेल लागते, एका वेळी अर्धा लिटर तरी. ज्यांच्या घरांत तेल पळीने मोजले जाई त्यांच्याकडे मासा भाजला जाई किंवा कालवणात जाई, तळला क्वचितच जाई. आज त्यांच्या मुलांच्या हाती कढईभर तेल आले आहे, आणि नेमके आताच त्यांना सांगितले जाते आहे की खरा तळलेला मासा म्हणजे सुरमई, आणि तोही बाहेर जाऊन खायचा. हे आम्हाला मान्य नाही.

या व्यवहारात भाषेचेही नुकसान होते आहे. दातांखाली येणाऱ्या पदार्थासाठी मराठीत किती शब्द आहेत ते आठवून पाहावे. 'कुरकुरीत' पातळ आवरणाचे, आवाज करणारे. 'खुसखुशीत' मोहनाने भुसभुशीत झालेले, शंकरपाळ्याचे किंवा करंजीचे; त्यात आवाज गौण. 'कडक' म्हणजे दाताला झुंजवणारे. 'खमंग' हा दाताचा नव्हे, नाकाचा शब्द; 'खरपूस' डोळ्यांचा आणि नाकाचा मिळून. 'घोळवणे' कोरड्या पिठात, 'बुडवणे' ओल्या पिठात, 'परतणे' थोड्या तेलात, 'तळणे' भरपूर तेलात. पाकिटांवर आणि पडद्यावर या सर्वांच्या जागी एकच शब्द आला आहे : क्रिस्पी. खुसखुशीत हवे की कुरकुरीत, हे ज्याला सांगता येत नाही त्याला मोहन किती घालावे हेही कळत नाही. ओल्या पिठातला मरळ आणि कोरड्या पिठातला रोहू दोन्ही 'क्रिस्पी' म्हणून वाढले की त्यांच्यातला फरक प्रथम शब्दातून आणि मग हातातून जातो. इंग्रजी शब्दाला आमचा विरोध नाही. टेबल, कॉलेज, गॅस हे सगळे आम्ही निमूट वापरतो. पण जिथे सहा शब्दांची जागा एक घेतो तिथे मोजदाद तरी व्हावी.

कोणी म्हणेल, अध्यापकांनी अभ्यासक्रमाचे पाहावे, कढई इतरांवर सोपवावी. अभ्यासक्रमाचेच पाहतो आहोत. ग्रामीण आणि दलित साहित्य शिकवताना भूक हा विषय आम्ही पुष्कळ शिकवतो; चव फारशी शिकवत नाही. भुकेला जणू चव नसते असे समजून मराठवाड्याच्या माणसाला आम्ही दुष्काळाच्या चित्रात कायमचे बसवले आहे. पाटोळ्यांच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती २०२४मध्ये आल्यावर त्याची दूरवर चर्चा झाली. आमच्या विभागांत ते त्याआधी नऊ वर्षे उपलब्ध होते. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यायचाच असेल, तर गोदाकाठच्या एकेका गावातली माशांची नावे, ते धुण्याच्या, चिरण्याच्या, तळण्याच्या क्रिया आणि त्यांची क्रियापदे गोळा करायला सांगावीत. 'खेकडा', 'झिंगा', 'मरळ' या नावांच्या दर दहा कोसांवरच्या रूपांचा नकाशा हे बोलीविज्ञानाचे चांगले काम होईल, आणि त्या निमित्ताने विद्यार्थ्याच्या आजीला एकदा तरी निवेदक होता येईल.

तोवर आमच्या स्वयंपाकघरातली पद्धत देतो, ज्यांना हवी त्यांनी घ्यावी. अर्धा किलो रोहू, तुकड्या बोटभर जाडीच्या. चिरे द्यावेत. मीठ, हळद, चिंचेचा कोळ, लसूण-जिऱ्याचे वाटण, तिखट लावून वीस मिनिटे ठेवावे. येसर असेल तर तो या वाटणात चमचाभर घालावा. बाहेरच्या पिठात घालू नये, तो आधीच भाजलेला असल्याने तेलात लगेच काळा पडतो. पाणी निथळून, पुसून, ज्वारी-बेसनात घोळवावे. चिऱ्यांत पीठ शिरेल असे दाबावे आणि जादा पीठ झटकावे. तेल तापले का ते पाहण्यासाठी भिजवलेल्या पिठाचा थेंब टाकावा. तळाशी जाऊन लगेच वर आला तर तयार. एका वेळी तीन-चारच तुकड्या सोडाव्यात, नाहीतर तेल थंड होते. निघाल्यावर जाळीवर किंवा चाळणीवर उभ्या ठेवाव्यात, डब्यात झाकू नयेत. आतली वाफ आवरणात परतली की दहा मिनिटांत सगळे मऊ पडते. उरल्याच तर दुसऱ्या दिवशी काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडाव्यात. तेव्हा त्या कुरकुरीत राहत नाहीत, पण पिठाने रस्सा दाट होतो, आणि शिळ्या भाकरीबरोबर तो फार चांगला लागतो.